पोथीचं वय कशावरून ओळखायचं?

सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. बैल घ्यायला आलेला माणूस किमतीचं बोलण्याआधी बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघतो. मालक सांगेल ते वय कुणी धरून चालत नाही. दुधाचे दात असले तर खोंड आदत, दोन कायमचे आले तर दुसा, चार आले तर चौसा आणि खालचे आठही आले की बैल जुळला. साधारण दोन-अडीच वर्षांपासून पाचेक वर्षांपर्यंत हा हिशोब बऱ्यापैकी चोख चालतो. जुळल्यानंतर मात्र दातांची झीज बघून अंदाजच बांधावा लागतो.

आता असाच प्रश्न ग्रंथाला विचारून बघू. पशुवैद्यकाच्या इतिहासावरचं एखादं टिपण काढलं की सुरुवातीलाच शालिहोत्राचं नाव भेटतं. जगातला पहिला पशुवैद्य, घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य ग्रंथकार अशी त्याची ओळख असते. त्याचा काळ कुणी इ.स.पू. २३५० देतं, तर कुणी इ.स.पू. तिसरं शतक. दोन्हींत दोन हजार वर्षांचा फरक! बाजारात कुणी एकाच बैलाला आदतही म्हणालं आणि म्हाताराही, तर गिऱ्हाईक पुन्हा एकदा तोंड उघडून बघेल. ग्रंथाचं तोंड उघडून बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या वाचकाला हे समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. हैदराबाद रस्त्याने उमरग्याच्या पुढे गेलं की बसवकल्याण लागतं. तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. त्याच्या पलीकडे बहमनींचं बिदर आणि उलट दिशेला पुणं. जनावरांच्या वैद्यकावरचे जे जुने ग्रंथ कुठे आणि कधी झाले हे बऱ्यापैकी सांगता येतं, त्यांतले काही याच पट्ट्यात लिहिले, भाषांतरले किंवा छापले गेले.

उपचार आधी, ग्रंथ नंतर

पहिली गोष्ट अशी की जनावरांवर उपचार करणारा माणूस आणि त्या उपचारांवरचा ग्रंथ यांचं वय एक नसतं. माणसाने गुरं पाळली तेव्हापासून त्यांची दुखणी त्याच्यामागे आहेत. लिहिणं फार उशिरा आलं.

बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाची कायद्याची शिळा इ.स.पू. १७५०च्या सुमाराची आहे. बैल किंवा गाढवावर शस्त्रक्रिया करून ते बरं केलं तर वैद्याला किती मोबदला द्यायचा आणि जनावर दगावलं तर वैद्याने मालकाला किती भरपाई द्यायची, हे त्यात ठरवून दिलं आहे. ही शिळा वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. पण ज्या धंद्यासाठी दर आणि दंड ठरवावे लागतात तो धंदा चांगला रुळलेला होता, एवढं ती ठामपणे सांगते.

उपचारांचा मजकूर म्हणावा असा फार जुना पुरावा इजिप्तमधला. फ्लिंडर्स पेट्री यांना १८८९मध्ये लाहून इथे पपायरसचे तुकडे सापडले. त्यांतला एक जनावरांच्या दुखण्यांविषयी आहे आणि तो इ.स.पू. १८००च्या सुमाराचा मानतात. आजारी बैल कसा दिसतो आणि त्याला काय करायचं, हे त्यात क्रमाने दिलं आहे.

या दोन्ही पुराव्यांची जमेची बाजू एकच. शिळा आणि पपायरस त्या-त्या काळचे आहेत. नंतर कुणी नक्कल करताना त्यांत भर घातलेली नाही. भारतात गोष्ट इतकी सोपी नाही. आपल्याकडे ताडपत्रं आणि कागद ऊन-पाऊस, वाळवी-कसर यांत काही शतकांतच जीर्ण होतात. ग्रंथ जगला तो पुन्हा पुन्हा नक्कल झाला म्हणून. त्यामुळे हाती असलेली पोथी बहुतेक वेळा ग्रंथाच्या मानाने पोरवयाची असते.

दगडावरचा पुरावा

भारतात या विषयावरचा सर्वांत भक्कम जुना पुरावा दगडावरच आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर सम्राट अशोकाने कोरवलेल्या शिलालेखांपैकी दुसऱ्या लेखात दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचं म्हटलं आहे: माणसांची आणि पशूंची. दोघांना उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, वाटांवर विहिरी खोदल्या, झाडं लावली, हेही त्यात येतं.

यावरून 'अशोकाने जगातलं पहिलं जनावरांचं इस्पितळ काढलं' असं वाक्य सर्रास लिहिलं जातं. लेखात उल्लेख आहे तो चिकित्सेचा. इमारत, खाटा, नेमलेले वैद्य यांविषयी तो काही बोलत नाही. दगडावर जेवढं आहे तेवढंच त्याच्या नावावर मांडायचं, ही संशोधनातली पहिली शिस्त.

दुसरी शिस्त आपल्या भीमेच्या काठी शिकता येते. भीमा सोलापूर जिल्ह्यातून वाहत पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला पोचते. तिथल्या देवळाच्या आवारात १९८०च्या दशकात अशोकाच्या लेखांची शिळा मिळाली. आपल्या मुलखाच्या इतक्या जवळ अशोकाचा लेख, म्हणजे पशुचिकित्सेचा उल्लेखही इथे असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण सन्नतीच्या शिळेवर बारावा आणि चौदावा लेख आहे, शिवाय कलिंगात मिळालेले दोन स्वतंत्र लेखही आहेत; दुसरा लेख नाही. तो वाचायला गिरनार, कालसी किंवा येर्रगुडी गाठावं लागतं. 'अशोकाच्या शिलालेखात आहे' एवढ्यावर थांबून चालत नाही. कुठल्या ठिकाणच्या, कितव्या लेखात, हेही विचारावं लागतं.

ग्रंथ थरांनी वाढतो

पोथीकडे वळलं की पहिली अडचण लेखकाच्या नावाची. घोड्यांच्या चिकित्सेवरचा एक संस्कृत ग्रंथ नकुलाच्या नावावर आहे. हा नकुल कोण, ते महाभारत वाचलेल्या प्रत्येकाला कळतं. अज्ञातवासात विराटाच्या घरी घोडे सांभाळणारा तोच पांडव. हत्तींवरचा 'हस्त्यायुर्वेद' पालकाप्य मुनीच्या नावावर आहे. अंगदेशाच्या रोमपाद राजाने प्रश्न विचारायचे आणि मुनीने उत्तरं द्यायची, अशी त्याची मांडणी आहे. त्या काळी विद्येला पूज्य पुरुषाचं नाव देण्याची रीत होती. ती फसवणूक नव्हती. ज्या परंपरेत आपण शिकलो तिच्या मूळ पुरुषाच्या नावाने लिहायचं, असा तो नम्रपणा. पण त्यामुळे लेखकाच्या नावावरून काळ काढता येत नाही.

दुसरी अडचण थरांची. याचं चांगलं उदाहरण माणसांच्या वैद्यकातच सापडतं. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातल्या अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, शेळी, मेंढी यांना द्यायच्या बस्तीची, म्हणजे औषधी एनिमाची, माहिती आहे. पशुवैद्यकाचा इतिहास शोधणाऱ्याला हा मोठाच लाभ. 'चरकाच्या काळी जनावरांना बस्ती देत असत' असं लगेच लिहावंसं वाटतं. पण सिद्धिस्थान आपण पूर्ण केलं, असं दृढबल नावाचा नंतरचा वैद्य त्याच ग्रंथात सांगतो. म्हणजे हा पुरावा मूळ चरकाचा न धरता, निदान आधी, दृढबलाच्या काळाचा धरायला हवा. तो काळ साधारण इसवी सनाचं चौथं-पाचवं शतक मानतात. एकाच जबड्यात दुधाचे आणि कायमचे दात शेजारी शेजारी असावेत, तसे एकाच ग्रंथात जुने-नवे भाग असतात. म्हणून वय सांगायचं ते त्या भागाचं; सगळ्या ग्रंथाला एकच आकडा लावायचा नाही.

मग काळ ठरवायचा कसा? दोन बाजूंनी कुंपण घालत जायचं. ग्रंथात जो राजा, जो दुसरा ग्रंथ किंवा जी वस्तू येते, तिच्या आधीचा तो भाग असू शकत नाही. ही झाली त्याहून मागे जाऊ न देणारी बाजू. आणि ज्या दुसऱ्या ग्रंथात त्यातला उतारा येतो त्याच्यानंतरचा तो असू शकत नाही, ही दुसरी. उदाहरणार्थ, चौदाव्या-पंधराव्या शतकातला टीकाकार मल्लिनाथ 'रघुवंशा'वर लिहिताना हत्तींविषयी पालकाप्याचा दाखला देतो. त्याअर्थी तोवर तो ग्रंथ पंडितांच्या हाती होता. त्याहून जुना दाखला मिळाला की कुंपण आणखी मागे सरकतं.

शालिहोत्राला हीच कसोटी लावू. पंचतंत्रातली एक गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. राजवाड्यातला मेंढा मुदपाकखान्यात तोंड घालतो, आचारी त्याला जळतं लाकूड फेकून मारतो, लोकर पेटलेला मेंढा पागेत शिरतो आणि घोडे भाजतात. घोड्यांचे वैद्य शालिहोत्राचा हवाला देऊन सांगतात, माकडाची चरबी लावा. मग माकडांवर संकट येतं. गोष्ट सांगणाऱ्याने शालिहोत्राची ओळख करून दिलेली नाही; श्रोत्यांना ते नाव ठाऊक आहे, असं तो गृहीत धरतो. अग्निपुराणातही घोडा, हत्ती आणि गाय यांच्या चिकित्सेवर अध्याय आहेत आणि शालिहोत्र, पालकाप्य ही नावं तिथेही येतात. यातून एवढं नक्की कळतं की मध्ययुगापर्यंत शालिहोत्र हे अश्वविद्येतलं सर्वमान्य नाव झालं होतं.

इ.स.पू. २३५० या आकड्याच्या पाठीशी मात्र असा एकही दाखला उभा करता येत नाही. त्या काळची आपल्याकडची लिपी म्हणजे सिंधू संस्कृतीची, आणि ती अजून वाचता आलेली नाही. तिसऱ्या शतकाचा आकडा तुलनेने शक्यतेतला वाटतो. पण त्यालाही शालिहोत्राच्या नावाचा कोरीव लेख किंवा त्या काळची पोथी पाठीशी नाही. शालिहोत्र ही शतकानुशतकं वाढत गेलेली विद्याशाखा मानली, तर तिला जन्मसाल देण्याची गरजच उरत नाही.

शक १०५१: स्वतःचं साल सांगणारा ग्रंथ

कधी कधी मात्र ग्रंथच आपलं वय सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केलं. सोलापूरचा मुलूख तेव्हा याच घराण्याच्या सत्तेखाली होता. या राजाच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ज्ञानकोश आहे. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, एकूण शंभर. राज्यकारभार, स्वयंपाक, चित्रकला, संगीत, शिकार असं सगळं त्यात आहे. हत्ती कुठल्या वनांत मिळतात, ते कसे पकडावेत, त्यांना काय चारावं, त्यांची दुखणी कुठली आणि औषधं कुठली, हे त्यात येतं. तसंच घोड्यांची पारख आणि त्यांचे उपचार, हेही आहे.

त्याचं साल कसं कळतं? ग्रंथात ग्रहगणिताचा भाग आहे. ग्रह आज कुठे आहे हे काढायचं तर मोजणीला एक आरंभदिवस लागतो. ग्रंथकाराने तो शके १०५१च्या चैत्र प्रतिपदेचा, शुक्रवारचा घेतला आहे आणि तेव्हा सोमेश्वर राज्य करत असल्याचंही सांगितलं आहे. गणिताच्या सोयीसाठी चालू काळ घेणं स्वाभाविक होतं. शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९. ती तिथी त्या वारी पडते का, हे आजही गणिताने तपासता येतं. पशुवैद्यकाचा काळ असा ज्योतिषाच्या पानावर सापडतो, म्हणून ग्रंथातलं फक्त आपल्या कामाचं प्रकरण वाचून भागत नाही. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गो. कृ. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२५ ते १९६१ या काळात तीन खंडांत छापून झाला.

याच घराण्यात आणखी एक ग्रंथकार झाला. सहावा विक्रमादित्य हा सोमेश्वराचा बाप. त्याचा भाऊ कीर्तिवर्मा. या जैन राजपुत्राने ११२५च्या सुमारास 'गोवैद्य' नावाचा ग्रंथ कन्नडमध्ये लिहिला. गुरांचे रोग आणि त्यांवरची औषधं हा त्याचा विषय, आणि औषधांच्या जोडीला मंत्रतंत्रही त्यात आहेत.

चुलता आणि पुतण्या यांचे हे ग्रंथ शेजारी ठेवले की बरंच काही उलगडतं. पुतण्याचा ग्रंथ संस्कृतात; त्यातली जनावरं राजाच्या वैभवाची, म्हणजे हत्ती आणि घोडे. चुलत्याचा ग्रंथ लोकांच्या भाषेत, आणि विषय गाय-बैल. कुठल्या जनावरावर लिहायचं आणि कुठल्या भाषेत लिहायचं, या दोन गोष्टी इथे बरोबरीने बदलतात. संस्कृतात हत्ती-घोड्यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. गुरांविषयी शोधायला गेलं की बहुधा पुराणातला एखादा अध्याय किंवा दुसऱ्या ग्रंथातलं प्रकरण हाती लागतं. शेळ्या-मेंढ्यांची स्थिती त्याहून वाईट. हत्ती-घोडे ही राज्याची युद्धसामग्री होती, त्यांच्यावर खजिन्यातून खर्च होई, म्हणून लिहून ठेवणारे पंडितही त्यांनाच मिळाले.

सोलापूरच्या वाचकाला इथे एक फायदा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०चा, म्हणजे १०१८चा मराठी लेख आहे. जिल्ह्यातले त्या काळचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. या मुलखाचा इतिहास एका भाषेत मावत नाही. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं इथे वस्तीवस्तीत आहेत. हळेकन्नड म्हणजे जुनी कन्नड वेगळी शिकावी लागते हे खरं, पण त्यांना ती परकी वाटणार नाही.

बिदरला फारसी, कलकत्त्याला इंग्रजी

पुढच्या काळात हे ग्रंथ भाषा ओलांडू लागले. कारण घोडा हे महागडं जनावर होतं. दख्खनच्या राजवटी अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे घोडे आणत. अशा घोड्याचं दुखणं परवडण्यासारखं नव्हतं. बहमनी सुलतान अहमदशहा वली (१४२२-१४३६) याच्यासाठी अब्दुल्ला बिन सफी याने शालिहोत्र परंपरेतला संस्कृत ग्रंथ फारसीत आणला. पुढे शाहजहानच्या काळातही असंच एक फारसी भाषांतर झालं, आणि त्यावरून जोसेफ अर्ल्स याने केलेलं इंग्रजी भाषांतर १७८८मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं.

अशा प्रत्येक मुक्कामावर काही गळतं, काही वाढतं. वनस्पतींची नावं बदलतात आणि त्यांबरोबर कधी वनस्पतीही बदलते. वजनमापं बदलतात. देवांना केलेलं वंदन गळून त्या जागी दुसरं मंगलाचरण येतं. म्हणून इंग्रजीत वाचलेलं औषध परभारे 'मूळ शालिहोत्रात आहे' असं सांगता येत नाही. ते कुठल्या टप्प्यावर आत आलं, हे मागे जात तपासावं लागतं.

पोथीत होतं, पागेत होतं का?

ग्रंथात लिहिलेलं प्रत्यक्षात होत होतं का, हा वेगळाच प्रश्न आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो तामिळ किनाऱ्यावर आला होता. तिथे दरवर्षी हजारोंनी घोडे येतात आणि नीट निगा न राखल्याने मरतात, असं तो लिहितो. व्यापारी मुद्दामच नालबंद-वैद्यांना इकडे येऊ देत नाहीत, कारण घोडे मेले तरच नव्यांना गिऱ्हाईक मिळतं, असंही तो सांगतो. अश्ववैद्यकाचे ग्रंथ ज्या देशात, त्याच देशाविषयी हे लिहिलेलं! प्रवाशाची अतिशयोक्ती वजा केली तरी इशारा खरा आहे. ग्रंथ एका दरबारात असतो, घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात.

व्यवहाराचा पुरावा बहुधा कायद्यात आणि हिशोबात मिळतो. म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५मध्ये आर. शामशास्त्रींच्या हाती आलेलं आणि १९०९मध्ये त्यांनी छापलेलं कौटिल्याचं अर्थशास्त्र घ्या. त्यात गाई, घोडे, हत्ती यांचे वेगवेगळे अध्यक्ष नेमले आहेत. घोड्याच्या वैद्याच्या हलगर्जीने रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. घोडा हातचा गेला तर घोड्याची किंमत भरायची. हम्मुराबीच्या शिळेशी याचं किती जवळचं नातं आहे पाहा. दंड ठेवावा लागतो तिथे चुका होत असतात, हे दोन्हीकडे सारखंच.

मराठ्यांच्या काळासाठी अशी जागा म्हणजे मोडी कागद. अठरा कारखान्यांत पीलखाना, उष्ट्रखाना होते. पागा वेगळी होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात या खात्यांचे जमाखर्च आहेत. औषधाचा खर्च कुठल्या जनावरावर पडला हे जमाखर्चाच्या ओळीत दिसतं, आणि तिथे शालिहोत्राचं नाव असण्याची गरज नसते.

जुन्या रोगाला नवं नाव देताना

एकोणिसाव्या शतकात सरकारी अहवालांचा काळ सुरू झाला. पुण्यात १८६२मध्ये लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली. गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१मध्ये आला, जे. एच. बी. हॅलन त्या आयोगाचे प्रमुख होते. मुंबईत परळला १८८६मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. १८८९मध्ये पुण्यातच सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली.

या अहवालांत गावकऱ्यांकडून ऐकलेली रोगांची नावं जागोजाग आहेत, आणि तिथेच घसरायला होतं. बुळकांडी, लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या ही नावं आज आपण एकेका ठरलेल्या रोगाला लावतो. पूर्वी एकच नाव दोन रोगांना आणि एकाच रोगाला दहा नावं असत. बुळकांडीला काही ठिकाणी 'देवी'च म्हणत, कारण ती माणसांच्या देवीसारखी सगळ्या गावावर येई.

म्हणून नावापेक्षा लक्षणांची जुळणी बघायची. तोंडात फोड तर लाळ-खुरकुतातही येतात आणि बुळकांडीतही. पण खुरांत जखमा होऊन जनावर लंगडत असेल आणि मोठी गुरं बहुतांशी वाचत असतील, तर लाळ-खुरकूत. तोंड येऊन पाठोपाठ जबर हगवण लागली आणि आठ-पंधरा दिवसांत निम्माअधिक गोठा रिकामा झाला, तर बुळकांडीचा संशय. पावसाळ्याच्या तोंडी गळा सुजून घरघर लागली आणि दिवस-दोन दिवसांत जनावर गेलं, तर घटसर्प. मांडी सुजली, दाबल्यावर चरचर आवाज आला आणि जनावर तरणंताठं होतं, तर फऱ्या. सगळ्या खुणा जुळल्या तरी 'बहुधा' हा शब्द सोडायचा नाही. त्या काळी रक्ताचा नमुना कुणी ठेवलेला नाही.

बुळकांडीच्या बाबतीत तर हे कागद आणखी मोलाचे आहेत. भारत २००६मध्ये या रोगातून मुक्त जाहीर झाला आणि २०११मध्ये सगळं जग. देवीनंतर पृथ्वीवरून उच्चाटन झालेला हा दुसराच रोग. आजच्या तरुण पशुवैद्याने बुळकांडीचं जनावर डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तिची लक्षणं त्याला कळतात ती जुन्या नोंदींतूनच.

सोलापुरात बसून सुरुवात

कामाला लागायचं तर आधी यादी हवी. संस्कृत हस्तलिखितांची सगळ्यांत मोठी वर्णानुक्रम सूची मद्रास विद्यापीठाने १९३५पासून तयार करायला घेतली. त्यात अश्ववैद्यक, अश्वशास्त्र, शालिहोत्र, सालोत्र, गजायुर्वेद, गवायुर्वेद असे सगळे शब्द शोधून बघायचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत (स्थापना १९१७) मोठा हस्तलिखितसंग्रह आहे. पुण्याच्याच आनंदाश्रमाने १८९४मध्ये 'हस्त्यायुर्वेद' आपल्या ग्रंथावलीत छापला. तंजावरला मराठा राजांच्या सरस्वती महालात नकुलाच्या नावावरचं सचित्र अश्वशास्त्र जपलं गेलं आणि १९५२मध्ये तिथूनच प्रसिद्ध झालं.

सोलापूरचाही या उद्योगात हात आहे. उग्रादित्य या जैन आचार्याचा 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ १९४०मध्ये इथे, सखाराम नेमचंद ग्रंथमालेत, वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींच्या हिंदी अनुवादासह छापला गेला. तो माणसांच्या वैद्यकाचा, पण मांस, मध, मद्य वर्ज्य करून औषधयोजना कशी करायची हे सांगणारा. कीर्तिवर्माही जैनच असल्याने 'गोवैद्या'च्या अभ्यासकाने तो शेजारी ठेवायला हवा. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणलं. त्यात पशुपक्ष्यांचे स्वभाव आणि प्रकार आहेत. रोग-औषध हा त्याचा मुख्य विषय नाही. दोन्ही ग्रंथ आपल्या विषयाच्या कडेचे. तरीही कडेचे ग्रंथ वाचल्याशिवाय मधल्या ग्रंथातले शब्द उकलत नाहीत.

> चौकट: 'आपल्या प्राचीन ग्रंथात आहे' असं कुणी म्हटलं तर
>
> १. ग्रंथ कुठला, अध्याय कितवा? नुसतं ऋषीचं नाव पुरेसं नाही.
> २. सांगितलेला काळ ग्रंथाचा आहे, त्या भागाचा आहे की हातातल्या पोथीचा? पोथीच्या शेवटी पुष्पिकेत असलेलं साल बहुधा नक्कल केल्याचं असतं.
> ३. दुसऱ्या कुठल्या दिनांकित ग्रंथात त्याचा उतारा आहे का?
> ४. वाचलेला मजकूर मूळ भाषेतला की भाषांतराच्या भाषांतरातला?
> ५. ग्रंथात सांगितलं म्हणजे लोक तसं करत होते, याला कायदा, जमाखर्च, प्रवासवर्णन असा बाहेरचा दुजोरा आहे का?
> ६. रोगाचं आजचं नाव कुणी लावलं? कुठल्या लक्षणांवरून?
> ७. जुना उपचार म्हणून तो गुणकारी ठरत नाही. आजारी जनावराला पशुवैद्यालाच दाखवावं.

बैलाची पोथी

मराठी मुलखात गुरं-मेंढरं राखणाऱ्यांचं ज्ञान पंडितांच्या हाती फारसं गेलं नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडचे खिल्लार राखणारे, पंढरपुरी म्हशींचे गवळी, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर यांनी ते एकमेकांना तोंडी दिलं. गाभण गाय कशी ओळखावी, पोट फुगलं तर काय पाजावं, मेंढरू कुठला पाला खाऊन आजारी पडतं, हे पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेलं आहे. त्यातलं काही आजच्या विज्ञानाला पटेल. काही, उदाहरणार्थ लंगड्या जनावराला तापल्या लोखंडाचा डाग देणं, सोडून द्यावं लागेल. पण पटणारं असो वा टाकाऊ, इतिहास म्हणून दोन्हींचं मोल सारखंच.

संस्कृत ग्रंथकारांनी न सांगितलेल्या ज्या गोष्टींसाठी आज संशोधकांना शतकभर झगडावं लागतं, त्या आपण एका वहीत सहज लिहू शकतो. सांगणाऱ्याची परवानगी आणि वय, गाव, तारीख. जनावर कुठल्या जातीचं, किती दाती. दुखणं त्याच्याच शब्दांत आणि दिसलेली लक्षणं वेगळी. वनस्पतीचं स्थानिक नाव आणि पानाफुलासकट फोटो. मात्रा किती, किती दिवस. जनावर वाचलं की गेलं. आणि हे त्याने स्वतः केलं की नुसतं ऐकलं. 'ऐकलं' असेल तर कुणाकडून, तेही. जनावर गेल्याची नोंद गाळायची नाही, कारण यशाच्याच गोष्टी गोळा केल्या तर वहीचं पुराण होतं.

जुळे सोलापुरातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव आसपासच्या तालुक्यांत आहे आणि गावी गुरं राखलेली आजी-आजोबांची पिढी अजून बोलती आहे. ज्याला या इतिहासात हात घालायचा आहे त्याने सूची मागवावी, मानसोल्लास वाचावा, जमल्यास मोडी आणि हळेकन्नड शिकावी. पण पोथ्या शतकानुशतकं थांबल्या आहेत, आणखी वर्षभर थांबतील. वही आधी करावी.